अनुवादकाचं नाव शेवटच्या पानावर नको, कवितेखालीच हवं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुमचा वाचनगट अनुवादित कवितांचा कार्यक्रम करतोय, त्यात बरीचशी कन्नड वचनं (बसवण्णा, अक्कमहादेवी, अल्लमप्रभू अशा बाराव्या शतकातल्या शिवभक्तांच्या छोट्या कविता) आहेत, सोबत एक छोटी पुस्तिका छापताय, आणि कवींची नावं प्रत्येक कवितेखाली देऊन अनुवादकांची नावं शेवटच्या पानावर ऋणनिर्देशात एकत्र टाकली तर चालेल का. शिवाय काही अनुवाद इंग्रजीवरून झालेत, दोन कवितांचा अनुवादक कोण तेच सापडत नाहीये, आणि मूळ कवी शेकडो वर्षांपूर्वीचे म्हणजे परवानगीचा प्रश्न येत नाही ना, असंही विचारलंय. मी वीस-बावीस वर्षं कन्नडमधून मराठीत कविता आणतेय, जास्त करून वचनंच, आणि मधली काही वर्षं एका दिवाळी अंकाचा कविता विभाग बघत होते, म्हणजे अनुवाद पाठवणारी पण मी होते आणि छापणारी पण. त्यामुळे जरा सविस्तरच सांगते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही, चालणार नाही. नाव कवितेखालीच पाहिजे, कवीच्या नावाला लागून, आणि त्याच आकाराच्या अक्षरात.

का ते सांगते. आपले अभंग बघा. तुका म्हणे, नामा म्हणे, नामयाची जनी. कवीचं नाव ओळीतच विणलेलं आहे. वारीत चालता चालता कुणी अभंग धरला, हातात वही नाही, पुस्तक नाही, तरी नाव आपोआप पुढे जातं कारण नाव गाळलं तर चरणच लंगडा होतो. शेकडो वर्षं तोंडातोंडी फिरूनही तुकोबांचं नाव तुकोबांच्या ओळींपासून सुटलं नाही ते या मुद्रेमुळे, म्हणजे ओळीत विणलेल्या सहीमुळे. आणि ज्ञानेश्वरीची शेवटची ओवी आठवा, 'शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें, सच्चिदानंदबाबा आदरें, लेखकु जाहला'. म्हणजे इसवी सन १२९० साली नुसतं लिहून घेणाऱ्याचंही नाव ग्रंथाच्या आत, ओवीत बसवलंय. ऋणनिर्देशाच्या पानावर नाही. आपल्या भाषेत हे इतकं जुनं आहे, म्हणून कुणी मला म्हणालं की अनुवादकाला श्रेय वगैरे बाहेरून आलेली फॅशन आहे, तर मी ही ओवी म्हणून दाखवते.

अनुवादकाकडे मुद्रा नसते, सगळी अडचण इथेच आहे. वचनांत ही मुद्रा कवीच्या स्वतःच्या नावाची नसते, त्याच्या देवाच्या नावाची असते. मी अक्कमहादेवीचं वचन मराठीत आणलं तरी शेवटी चन्नमल्लिकार्जुनच येणार, बसवण्णांचं आणलं तर कूडलसंगमदेव येणार, अल्लमप्रभूंचं आणलं तर गुहेश्वर. माझं नाव आत कुठेच बसत नाही आणि बसूही नये. मग ते बाहेर कुठेतरी लिहावं लागतं, आणि बाहेर कुठे लिहिलंय यावरच ते टिकणार की गळणार हे ठरतं. तुमच्या पुस्तिकेतल्या एखाद्या पानाचा कुणीतरी मोबाइलवर फोटो काढणार, तो व्हॉट्सॲपवर टाकणार, तिथून तो कुणाच्या स्टेटसला जाणार, कुणी त्यावर रील करणार. फोटोत जे आलं तेच पुढे गेलं. शेवटच्या पानाचा फोटो कुणी काढत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. दिवाळी अंक बघत होते तेव्हाची गोष्ट, प्रेसला जायची शेवटची रात्र, एक कविता पानाबाहेर एका ओळीने जात होती. डीटीपीवाल्याने विचारलं की कवीचं नाव आणि अनुवादकाचं नाव अशा दोन ओळी आहेत, एक काढू का, अनुक्रमणिकेत तर आहेच. मी हो म्हटलं. अनुवादक सीमाभागातले एक निवृत्त शिक्षक होते. त्यांचं पोस्टकार्ड आलं, अंक मिळाला, कविता छान छापलीत, बस एवढंच, नावाबद्दल अक्षर नाही. ते कार्ड वाचून मला फार लागलं. पुढच्या वर्षी आम्ही दुरुस्ती छापली, पण दुरुस्ती वाचतं कोण, तोपर्यंत ती कविता दोन ठिकाणी पुन्हा छापून आली होती आणि दोन्हीकडे अनुवादकाशिवायच, कारण त्यांनी ती आमच्याच अंकातून उचलली होती. एका रात्रीत मी काढलेली ती एक ओळ आजपर्यंत परत आलेली नाही. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतेय, जागा कमी पडली तर दोन ओळींमधलं अंतर कमी करा, अक्षराचा आकार कमी करा, नाहीतर कविता पुढच्या पानावर न्या. नाव काढू नका.

आता बऱ्याच जणांच्या मनात असतं (बोलून दाखवत नाहीत) की कविता कवीची, अनुवादकाने फक्त इकडची तिकडे केली. तर तीन छोटी उदाहरणं देते, वचनांतलीच.

वचनात पदोपदी 'अय्या' येतं, आदराचं संबोधन, स्वामी, देवा, बाबा या अर्थाचं. मराठीत ते तसंच ठेवलं तर काय होतं? आपल्याकडे 'अय्या' म्हणजे शाळकरी मुलीचं आश्चर्य. अल्लमप्रभू तत्त्वज्ञान सांगतायत आणि वाचकाच्या कानात दोन वेण्या घातलेली मुलगी. मग 'देवा' करायचं का, पण वचनात ते कधी देवाला असतं, कधी समोरच्या माणसाला. 'बाबा' केलं की सूर घरगुती होतो, 'महाराज' केलं की कीर्तन सुरू होतं. मी काही वचनांत नुसतं 'रे' केलंय, काहींत 'बाबा', आणि काही ठिकाणी शब्दच गाळून वाक्याची ठेवण बदलून ती विनवणी आणलीय. प्रत्येक ठिकाणचा निर्णय वेगळा आणि तो कन्नड कवीने घेतलेला नाही, मी घेतलाय. चुकला असेल तर शिव्याही मलाच पडायला पाहिजेत, त्यासाठीसुद्धा खाली नाव लागतं.

दुसरं, बसवण्णांचं ते प्रसिद्ध वचन. पैसेवाले शिवालय बांधतील, मी गरीब काय करू, माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ, डोकं हा सोन्याचा कळस, आणि शेवटी येतं की स्थावराला नाश आहे, जंगमाला नाही. कन्नडमध्ये स्थावर म्हणजे एका जागी उभं राहिलेलं, ते दगडी देऊळ, आणि जंगम म्हणजे चालतं-फिरतं, आणि शिवाय गावोगाव फिरणारा शिवयोगीसुद्धा. दोन्ही शब्द मराठीत जसेच्या तसे आहेत म्हणून काम सोपं वाटतं आणि तिथेच फसायला होतं. कारण मराठी वाचकाला 'स्थावर जंगम' म्हटलं की मालमत्ता आठवते, सातबारा, वाटणीपत्र, वकिलाची नोटीस. लिंगायत घरातल्या वाचकाला जंगम कळेल, बाकीच्यांचं काय? मी एका मसुद्यात 'उभं' आणि 'चालतं' करून बघितलं, पण त्यात ए. के. रामानुजन यांनी केलेल्या वचनांच्या इंग्रजी अनुवादाची सावली दिसायला लागली म्हणून सोडून दिलं. शेवटी मूळ शब्द ठेवले आणि आधीच्या ओळीत देवळाचं 'उभं असणं' जरा ठसठशीत केलं, म्हणजे वाचक सातबाऱ्याकडे जायच्या आत देवळापाशी थांबावा. एवढ्या एका ओळीला मला पावसाळा गेला.

तिसरं उदाहरण तुमच्या इंग्रजीवरून केलेल्या अनुवादांशी थेट जोडलेलं आहे. रामानुजन यांचं वचनांचं इंग्रजी पुस्तक १९७३ साली आलं आणि जगभर गेलं. त्यांनी अक्कमहादेवीची मुद्रा चन्नमल्लिकार्जुन इंग्रजीत तशीच ठेवली नाही, ती उलगडली, मल्लिका म्हणजे मोगरा-जाईची जात, अर्जुन म्हणजे शुभ्र, आणि त्यातून 'जाईसारखा शुभ्र स्वामी' अशा अर्थाचं संबोधन केलं. तसंच कूडलसंगमदेवाचा 'मिळणाऱ्या नद्यांचा स्वामी' केला. इंग्रजी वाचकाला मल्लिकार्जुन म्हणजे काहीच नाही, त्यामुळे त्यांची ती गरज होती आणि त्यातून कविता उजळली पण. आपल्याला मात्र मल्लिकार्जुन सांगावा लागत नाही, श्रीशैलमचा शिव म्हणून तो सगळ्यांना माहिती आहे, तिथे उलगडायची गरजच नाही. मग मराठीत कुणी 'हे जाईसारख्या शुभ्र' असं लिहिलं आणि खाली 'कन्नडवरून अनुवाद' छापलं तर जाणकाराला एका क्षणात कळतं की हात कन्नडला लागलेलाच नाही, इंग्रजीला लागलाय. अंकाकडे एका तरुण मुलाने असा अनुवाद पाठवला होता. मी फोन केला, त्याने लगेच कबूल केलं, म्हणाला कन्नड येत नाही म्हटलं तर तुम्ही छापणार नाही असं वाटलं. तर तसं काही नसतं. इंग्रजीवरून अनुवाद करण्यात कमीपणा अजिबात नाही, फक्त तसं लिहा. 'मूळ कन्नड अक्कमहादेवी, ए. के. रामानुजन यांच्या इंग्रजी अनुवादावरून, मराठी अनुवाद अमुक' असं. थोडी लांब ओळ होते, होऊ द्या.

याबाबतीत आपल्याकडे माधव जूलियनांनी किती स्वच्छ काम करून ठेवलंय बघा. ते स्वतः फारसीचे प्राध्यापक. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी १९२९ साली थेट फारसीवरून मराठीत आणल्या. आणि मग १९३१ साली, फिट्झजेराल्ड या इंग्रज कवीने रुबायांचा जो इंग्रजी अनुवाद केला होता त्याच्यावरून वेगळं पुस्तक केलं, त्याला वेगळं नाव दिलं, 'द्राक्षकन्या'. एकच माणूस, एकच मूळ कवी, पण खय्याम कुठला आणि फिट्झजेराल्डचा खय्याम कुठला यात त्यांनी गल्लत होऊ दिली नाही. कारण त्यांना फारसी येत होती म्हणून दोन्हीत किती अंतर आहे ते दिसत होतं. आणि त्या फिट्झजेराल्डची १८५९ सालची पहिली आवृत्ती बिननावाची होती, अनुवादक कोण ते पुस्तकावर नव्हतंच.

याच्या उलट आज रूमीचं झालंय. मराठीत रोज सकाळी रूमीच्या नावाने काहीतरी फिरत असतं. त्यातलं बरंचसं कोलमन बार्क्स या अमेरिकन कवीच्या इंग्रजीतून आलेलं असतं. बार्क्स यांना फारसी येत नव्हती आणि त्यांनी ते लपवलंही नाही, निकल्सन, आर्बेरी वगैरे अभ्यासकांचे जुने शब्दशः अनुवाद आणि जॉन मोइन यांनी करून दिलेले तर्जुमे घेऊन त्यांनी मोकळ्या अमेरिकन इंग्रजीत कविता केल्या. ते इंग्रजी कुणीतरी हिंदीत आणतं, हिंदीतून मराठीत येतं, आणि खाली फक्त 'रूमी'. म्हणजे मधली तीन-चार माणसं गेली, आणि त्यांच्याबरोबर तो फरकही गेला जो वाचकाला कळायला हवा होता, की हे तेराव्या शतकातलं फारसी नाही, विसाव्या शतकातलं इंग्रजी आहे. म्हणून मी म्हणते अनुवादकाचं नाव ही फक्त त्याची कदर नाही, ती वाचकाला दिलेली माहिती आहे. 'मेघदूत' घ्या. कृष्णशास्त्री चिपळूणकर, चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर, शांता शेळके, इतक्या जणांनी ते मराठीत आणलंय. तुम्ही खाली नुसतं 'कालिदास' लिहिलंत तर मी कुणाचं मराठी वाचतेय ते मला कसं कळणार? आणि एखादी ओळ आवडली तर पुढचं वाचायला कुठलं पुस्तक शोधू?

अनुवाद, भावानुवाद, स्वैर अनुवाद, रूपांतर या शब्दांबद्दलही एक सांगते. हे अनुवादकाला विचारून लिहा, तुमच्या मनाने नको. भावानुवाद हा शब्द आपल्याकडे फार ढिला झालाय, मूळ भाषा येत नसली की भावानुवाद म्हणायचं असं. आणि मशीनकडून भाषांतर करून घेऊन वरवर हात फिरवला असेल तर तेही सांगायला पाहिजे, नुसतं आपलं नाव खाली टाकू नये.

आता परवानगी. इथे खूप गैरसमज आहेत. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. बसवण्णा, अक्कमहादेवी, तुकोबा यांच्या मुळाला अर्थातच कुणाची परवानगी लागत नाही. पण अनुवाद ही स्वतंत्र साहित्यकृती धरली जाते आणि तिचे हक्क अनुवादकाचे. दिलीप चित्रे यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले, ते पुस्तक १९९१ साली आलं. गाथा सगळ्यांची आहे, पण चित्र्यांचं इंग्रजी सगळ्यांचं नाही, ते २००९ साली गेले म्हणजे २०६९ संपेपर्यंत त्याचे हक्क आहेत. रामानुजन १९९३ साली गेले, तिथेही हाच हिशोब. आणि त्यांच्या इंग्रजीवरून मराठी अनुवाद करून छापायचा तर त्यालासुद्धा त्यांच्या हक्कदारांची परवानगी लागते, कारण तुम्ही त्यांच्या कृतीचा अनुवाद करताय. रवींद्रनाथांचं तर आणखी गुंतागुंतीचं, बंगाली मूळ २००१ संपल्यावर मोकळं झालं, पण तुम्ही घेतलेला मराठी अनुवाद अलीकडचा असेल तर तो मोकळा नाही.

व्यासपीठावर वाचताना वाजवी उतारा वाचायला कायद्यात मुभा आहे, पण पुस्तिका छापणं ही वेगळी गोष्ट, तिथे लेखी परवानगी घ्या. साधं पत्र किंवा ईमेल पुरतो, कुठली कविता, किती प्रती, विक्रीला की मोफत, ऑनलाइन टाकणार का, एवढं लिहून. आणि अजून एक, कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ वाचून ठेवा. कृतीचे हक्क विकले, मानधन घेतलं, तरी ही कृती माझी आहे असं सांगायचा लेखकाचा हक्क जात नाही. 'मानधन दिलंय की' म्हणून नाव गाळता येत नाही, हे मला दोन वेळा लोकांना समजावून सांगावं लागलंय.

मोठ्या संस्थाही इथे घसरतात. २०२३ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एकोणिसाव्या शतकातल्या चीनवर प्रदर्शन होतं. त्यात चिउ जिन या क्रांतिकारक कवयित्रीच्या कविता इंग्रजीत लावल्या होत्या, तिला १९०७ साली मृत्युदंड झाला होता. ते इंग्रजी यिलिन वांग या कॅनडातल्या अनुवादिकेचं होतं, ना परवानगी, ना नाव, ना पैसे. तिने जाहीर आवाज उठवल्यावर म्युझियमने काय केलं, तर अनुवादच काढून टाकले. चूक सुधारायची सोडून कविताच गायब. मग तिने लोकांकडून निधी जमवून कायदेशीर दावा लावला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तडजोड झाली, तेव्हा अनुवादांच्या परवानगीसाठी आमच्याकडे वेगळं धोरणच नव्हतं हे म्युझियमने मान्य केलं. एवढ्या मोठ्या ठिकाणी अनुवादाची परवानगी घ्यायचं धोरणच नव्हतं! कारण अनुवाद हे कुणीतरी केलेलं काम आहे हे डोक्यातच आलं नाही.

आणि कार्यक्रमाचं. इथे माझा स्वतःचा अनुभव कडू आहे. एका शहरात अक्कमहादेवीवर संध्याकाळ होती, माझी सात वचनं वाचली, मी मागच्या रांगेत बसले होते. शेवटी आभार झाले, तबला, ध्वनी, प्रकाश, हार-तुरे, सभागृह, सगळ्यांचे, आणि ते व्हायलाच हवेत. माझं नाव नाही. बाहेर पडताना एक बाई दुसरीला म्हणाली, अक्का किती साधं मराठी लिहायची ना. मला त्या बाईंचा राग नाही आला, उलट साधं वाटलं याचा आनंदच झाला, पण घरी जाताना बसमध्ये रडू आलं.

म्हणून निवेदकाच्या कार्डावर प्रत्येक कवितेच्या वर लिहूनच द्या, 'अक्कमहादेवींचं वचन, मराठी अनुवाद अमुक', म्हणजे वाचायच्या आधीच नाव जाईल. शेवटी आभारात घेऊ म्हटलं की राहतं, घाईत राहतंच. मागे स्क्रीन असेल तर कवितेबरोबर दोन्ही नावं स्क्रीनवर. नंतर व्हिडिओ टाकणार असाल तर नाव व्हिडिओवरच, नुसतं कॅप्शनमध्ये नको, कॅप्शन तिथेच राहतं आणि व्हिडिओ पुढे जातो. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर कवींची नावं घेणार असाल तर अनुवादकांचीही घ्या. जमलं तर मानधन द्या, नाही जमलं तर निदान दोन प्रती आणि कार्यक्रमाचं निमंत्रण तरी. आंतरराष्ट्रीय बुकर या अनुवादित पुस्तकाला मिळणाऱ्या पुरस्काराचे ५० हजार पाउंड २०१६ पासून लेखक आणि अनुवादकात निम्मे निम्मे वाटले जातात, तुमच्या पुस्तिकेचं मानधन दोनशे रुपये असलं तरी वाटणी तशी करता येते.

राहिल्या त्या दोन कविता ज्यांचा अनुवादक सापडत नाही. आधी त्या तुम्हाला कुठून मिळाल्या ते मागे मागे जाऊन शोधा. कुणाच्या फॉरवर्डमधून आल्या असतील तर एखादी सलग ओळ अवतरणात घालून नेटवर टाका, जुन्या वचनसंग्रहांत मुद्रेवरून बघा, कन्नड येणाऱ्या कुणाला तरी मूळ वचन ओळखायला सांगा, मूळ कळलं की अनुवाद शोधणं सोपं जातं. 'अनुवादक अज्ञात' असं लिहून छापू नका, तो अज्ञात नसतो, आपण शोधलेला नसतो. आणि शोधूनही नाहीच सापडला तर ती कविता या वेळी वगळा किंवा त्याच वचनाचा नवीन अनुवाद कुणाकडून तरी करून घ्या, एका वचनाला महिनाभर दिलात तर करणारे आहेत. त्या दोन्ही मला पाठवा. वचनांचे मराठी अनुवाद करणारे आम्ही काही फार लोक नाही, कुणी 'अय्या'चं काय केलंय ते बघून बहुतेक मला हात ओळखता येईल. फक्त पुस्तिका प्रेसला जायच्या आधी पाठवा.